अर्धमानवांविरुद्ध ठराव

रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या घरात मानवजात धोक्यात यायची आणि साडेदहाला सुटायची. त्या अर्ध्या तासात आई शेंगा फोडायची नाही, कारण टरफलं वाजतात. अक्का शिलाई मशीन थांबवायची आणि तेवढ्यात हातानं काज-बटणं उरकून घ्यायची. स्टोव्ह पेटवायचा नाही, असा कडक नियम होता. तो एकदा फुरफुरायला लागला की रेडिओवरचे अर्धमानव काय बोलतात ते कुणाला कळत नसे. त्यामुळं रविवारची सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांची, शेंगदाण्याचं कूट घातलेली, नऊलाच व्हायची आणि खाईपर्यंत गारढोण व्हायची. भूममध्ये त्या वेळी सकाळची हवा खव्याच्या भट्ट्यांच्या धुरानं भरलेली असायची, आणि आटणाऱ्या दुधाचा तो गोड, किंचित करपट वास माझ्या डोक्यात मानवजातीच्या विनाशाशी असा चिकटून बसला आहे की आजही मिठाईच्या दुकानासमोरून जाताना मला उगाच काहीतरी वाईट घडणार आहे असं वाटतं.

मालिकेचं नाव ‘अर्धमानव’. आता ज्यांना सायबोर्ग म्हणतात ते. हा शब्द तेव्हा रेडिओवाल्यांनाही माहीत होता की नाही कोण जाणे. त्यांनी आपला देशी शब्द पाडला होता. गोष्ट अशी, की एका प्रयोगशाळेत अपघातात सापडलेल्या माणसांना यंत्राचे हात, यंत्राचे डोळे, यंत्राची काळजं बसवली जातात. ती माणसं बरी होतात, आपापल्या घरी जातात, आणि मग एके दिवशी सगळी मिळून मानवजातीवर उठतात. का उठतात, ते मला कळत नव्हतं. ते तिसऱ्या भागात सांगितलं असावं, आणि तिसऱ्या भागाच्या दिवशी सेल उतरले होते. त्यांच्याविरुद्ध लढणारा एक प्रोफेसर होता. तो सतत खोकायचा आणि प्रत्येक वाक्य ‘मी आधीच सांगितलं होतं’ या शब्दांनी सुरू करायचा. तो माणसाच्या बाजूचा असल्यामुळं मला आवडायला हवा होता. पण अर्धमानव त्याच्यापेक्षा कितीतरी सभ्यपणे बोलायचे. त्यांचा आवाज खोल, घुमणारा. अक्का म्हणायची, ‘‘घागरीत तोंड घालून बोलायलेत, दुसरं काय न्हाय.’’ मी आमच्या तांब्याच्या घागरीत तोंड घालून बघितलं. अगदी तसाच आवाज आला. तरी मला त्यांची भीती वाटायची ती वाटायचीच.

अर्धमानव ओळखायचा कसा, हे प्रोफेसरानं पाचव्या भागात सांगितलं: खरा माणूस बोलण्याआधी श्वास घेतो, अर्धमानव घेत नाही. त्या दिवसापासून मी लोकांचे श्वास ऐकायला लागले. आई बोलण्याआधी श्वास घ्यायची, किंबहुना उसासाच टाकायची. अक्का घ्यायची. पण अण्णा, म्हणजे आमचे वडील, एसटी स्टँडवर कंट्रोलर होते, आणि स्टँडवरच्या भोंग्यातून त्यांचा आवाज आमच्या ओसरीपर्यंत यायचा: ‘‘भूम-बार्शी, भूम-बार्शी गाडी फलाटावर लागलेली आहे, प्रवाशांनी घाई करू नये.’’ एका दमात. मधे श्वास नाही. तीन-चार दिवस मी जेवताना त्यांच्याकडं तिरक्या नजरेनं बघत होते. शेवटी त्यांना ठसका लागला आणि माझा जीव भांड्यात पडला. हे मी कुणाला सांगितलं नाही. चौदा वर्षांची घोडी झालेली मुलगी बापाला यंत्र समजते, हे सांगण्यासारखं नव्हतं.

आमच्या घरी या मालिकेचं एवढं प्रस्थ होतं ते दिगंबरमामांमुळं. मामा आईचे थोरले भाऊ, प्राथमिक शाळेत गुरुजी, आणि ‘भूम तालुका मध्यवर्ती श्रोता मंडळ’ या संस्थेचे संस्थापक-अध्यक्ष. मध्यवर्ती कशासाठी, असं कुणी विचारत नसे. तालुक्यात दुसरं श्रोता मंडळ नव्हतं. मंडळाला छापील लेटरहेड होतं, गोल शिक्का होता, नियमावली होती आणि तेरा सभासद होते. मंडळाचं काम म्हणजे दर रविवारी आमच्या ओसरीवर एकत्र बसून रेडिओ ऐकायचा आणि मग केंद्राला पत्र लिहायचं. नियमावली मामांनी स्वतःच लिहिली होती. तिच्यात ‘किमान एक महिला सभासद असणे बंधनकारक आहे’ असं एक कलम त्यांच्याच हातून पडलं होतं, म्हणून अक्काला सभासद केलं. माझं अक्षर चांगलं होतं म्हणून मला, वय भरत नसल्यामुळं सभासद न करताच, सचिव केलं. सचिवानं सभेचं इतिवृत्त लिहायचं आणि पुढच्या सभेत, रेडिओ लावण्याआधी, उभं राहून ते वाचायचं. सभासदांनी ‘मंजूर’ म्हणायचं. मग ते कायम व्हायचं. पुढं आयुष्यभर मी बऱ्याच समित्यांवर काम केलं, मोठमोठ्या पदव्यांची माणसं जवळून बघितली. पण ‘मागील सभेचे इतिवृत्त’ हे शब्द मामांइतक्या भक्तिभावानं उच्चारणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही. देवळात घंटा वाजवावी तसं म्हणायचे.

आठव्या भागात अर्धमानवांनी एका धरणाचे दरवाजे हातांनी उचलून उघडले आणि खालची गावं बुडाली. रेडिओ बंद झाला. आमच्याकडं पाण्याची गोष्ट कुणी चेष्टेवारी घेत नाही. रामभाऊ, ज्यांची खव्याची भट्टी होती आणि जे मुख्यतः भट्टीपासून अर्धा तास लांब बसायला मिळतं म्हणून यायचे, ते म्हणाले, ‘‘एवढं पाणी वाया घातलं.’’ तेवढ्यात मामा उठले.

‘‘मंडळानं भूमिका घेतली पाहिजे,’’ ते म्हणाले. ‘‘सचिव, लिहून घ्या. ठराव क्रमांक चार.’’

‘‘मामा, ती गोष्ट हाय,’’ अक्का दारातून म्हणाली.

‘‘गोष्ट असली म्हणून काय झालं? अन्याय तो अन्याय.’’

मी लिहून घेतलं. सूचक म्हणून मामांनी आपलंच नाव घातलं. अनुमोदक कोणी होईना. कारण अनुमोदकाला पत्राच्या पक्क्या प्रतीवर सही करायला थांबावं लागायचं, आणि अकरा वाजायला आले होते. पाच मिनिटं सगळे छताकडं बघत बसले. अक्काला पाटलांच्या घरचं ब्लाऊज दुपारपर्यंत द्यायचं होतं. ‘‘माझं अनुमोदन,’’ ती म्हणाली. ‘‘कुठं सही करायची? आन् उठा आता, मला मशीन लावायचंय.’’ तिनं सही केली, मंडळ उठलं, मशीन सुरू झालं, आणि ठराव क्रमांक चार माझ्या वहीत पडून राहिला. ठराव कुणाच्या लक्षात राहत नाहीत. ते लक्षात ठेवायला लागू नयेत म्हणूनच लिहून ठेवतात.

बुधवारी अण्णा स्टँडवरून आले ते अक्कासाठी स्थळ घेऊनच. तामलवाडीचं. मुलाचं नाव भास्कर, विहिरीवरच्या मोटारी रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या कॉइल पुन्हा भरून द्यायचं, स्वतःचं दुकान, थोडी शेती, घरात आई. अण्णा कधी आडून बोलत नसत. त्यांनी अक्काला ओसरीवर बोलावलं आणि सरळ सांगितलं: कडबा तोडायच्या कुट्टी मशीनमध्ये पोराचा उजवा हात कोपराखाली गेलाय. पुण्याहून लोखंडी हात बसवून आणलाय. बघायचं का नाही ते तू सांग.

‘‘त्या हातानं कॉइल भरतात?’’ अक्कानं विचारलं.

‘‘भरतोय म्हणं. पंचक्रोशीतल्या मोटारी त्याच्याकडंच येत्यात.’’

‘‘मग येऊ द्या.’’

अक्का तेव्हा चोवीस वर्षांची होती. आधी तीन ठिकाणची माणसं बघून गेली होती, आणि तिन्ही वेळा आईनं बळंच साडी नेसवली होती. या वेळी गुरुवारी सकाळीच मी पाहिलं, अक्कानं आपली हिरवी साडी स्वतः पेटीतून काढून दोरीवर वारा लागायला टाकली होती.  मला कळलं, आणि आईलाही कळलं. आई त्या साडीखालून दोनदा उगाच गेली.

मला मात्र तेव्हा हाताचं काही सांगितलं गेलं नाही; हे बोलणं मी पुढं अक्काकडून ऐकलं. धाकट्यांना स्थळाचा पगार सांगत नसत तसंच ते. मामांना अण्णांनी ‘उजव्या हाताला अपघात झालेला आहे’ एवढं सांगितलं. मामांनी त्याचा अर्थ अपघात झाला आणि बरा झाला असा घेतला, कारण दुसरा अर्थ घ्यायला त्यांना वेळ नव्हता. ते कार्यक्रमाच्या आखणीत गुंतले होते. पाहुणे रविवारी सकाळी यायचे होते. शाळेतून आणलेल्या खुर्च्या मंडळासाठी ओसरीवर मांडलेल्याच असायच्या. ‘‘दोन्ही कार्यक्रम एकत्रच घेऊ,’’ मामा म्हणाले. ‘‘पाहुण्यांना घराण्याचं सांस्कृतिक वातावरण दिसेल.’’ आईनं ‘दादा, नको’ म्हणून बघितलं. पण थोरला भाऊ म्हणजे थोरला भाऊ, आणि वर तो अध्यक्ष.

त्या रविवारी पाहुणे साडेनऊला आले. भास्कर, त्याची आई, आणि एक चुलते. हे चुलते पूर्ण वेळ फक्त खव्याच्या पोळ्या खात राहिले. भास्कर उंच, पांढऱ्या पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेला, उजव्या हातावर घडी केलेला टॉवेल टाकलेला. मला वाटलं, उकडत असेल. मंडळाचे बारा पुरुष सभासद भिंतीला रांगेत बसले होते आणि तेराव्या सभासदाला बघायला आलेल्या माणसाला न्याहाळत होते. पावणेदहा झाले. मामांनी घसा साफ केला.

‘‘पाहुणे मंडळी, आपल्या आगमनानं आनंद झाला. आमच्या संस्थेच्या शिस्तीप्रमाणं प्रथम मागील सभेचे इतिवृत्त वाचले जाईल. सचिव.’’

मी उठले. पाहुण्यांसमोर वाचायला मिळतंय म्हणून मला थोडं चढलंच होतं, हे कबूल करते. पहिला ठराव शाळेच्या खुर्च्यांबद्दल आभाराचा. दुसरा सेलच्या वर्गणीचा. तिसरा केंद्रानं कार्यक्रमात निवेदकाचं नाव स्पष्ट सांगावं म्हणून विनंतीचा. मग मी मोठ्यानं वाचलं: ‘‘ठराव क्रमांक चार. ज्यांनी धरणाचे दरवाजे हाताने उचलून उघडले त्या अर्धमानवांचा ही सभा तीव्र शब्दांत निषेध करते, आणि असे जाहीर करते की, ज्याच्या शरीराचा कोणताही अवयव यंत्राचा अगर धातूचा आहे, अशा इसमास...’’

आईनं पाहुण्यांपुढं पाण्याचं तांब्या-भांडं धरलं होतं. भास्करनं भांडं घ्यायला डावा हात पुढं केला, आणि टॉवेल खाली पडला. उजव्या बाहीतून दोन वाकडे लोखंडी अंकुश बाहेर आले होते, एकावर एक टेकलेले. मी थांबले. मला भीती वाटली, हे खोटं कशाला सांगू? आधी भीती वाटली, मग मी त्याचा श्वास ऐकायचा प्रयत्न केला, आणि मग कुठं मला पुढची ओळ दिसली. ओळ माझ्याच सुंदर अक्षरात होती.

‘‘वाचा, सचिव. थांबायचं नाही,’’ मामा म्हणाले. ते वहीकडं बघत होते, पाहुण्यांकडं नाही.

‘‘...अशा इसमास मनुष्य समजण्यात येऊ नये,’’ मी वाचलं. ‘‘सूचक, अध्यक्ष. अनुमोदक, कुमारी सुलभा.’’

ते नाव मी गाळू शकले असते. ‘अनुमोदक, एक सभासद’ म्हणू शकले असते. या प्रश्नावर मी पुढं कित्येक वर्षं विचार केला आणि अजूनही मला नीट सांगता येत नाही की मी का वाचलं. लिहिलेलं होतं, हे एक. आणि माझं डोकं अगदी बधिर झालं होतं, हे दुसरं. पोथी वाचणाऱ्याला मधे थांबता येत नाही तसं काहीसं झालं होतं. आतल्या खोलीत अक्काच्या हातातल्या बशा एकमेकींवर टेकल्या, तो आवाज ओसरीपर्यंत आला.

बोलला तो भास्करच. ‘‘मी सभासद न्हाय. बोललं तर चालंल का?’’

मामांनी आता हात पाहिला होता. त्यांचा चेहरा पडला होता, पण प्रश्न कार्यपद्धतीचा असल्यामुळं तोंडातून उत्तर आपोआप निघालं. ‘‘पाहुण्यांना बोलण्याचा अधिकार आहे. मताचा नाही.’’

‘‘मत नको. नुसतं विचारायचंय. त्यांचे हात कुठं बसवून मिळत्यात?’’

‘‘कुणाचे?’’

‘‘तुम्ही निषेध केलाय त्यांचे. धरणाचे दरवाजे उचलत्यात म्हणायलाव. माझ्या ह्यानं कपबशी धरवत न्हाय. पत्ता मिळाला तर अर्ज करीन म्हणतो.’’

रामभाऊ फस्सकन हसले, आणि मग आपण हसावं की नाही हे न समजून त्यांनी खोकल्याचं सोंग केलं. भास्करची आई हसली नाही. ती समोरच्या भिंतीकडं बघत होती. तेवढ्यात दहा वाजले आणि मालिकेचं संगीत सुरू झालं. रेडिओ आधीपासून हळू आवाजात लावलेला होता. सवयीनं मामांनी हात वर केला, सवयीनं सगळे गप्प झाले. मला आजही खरं वाटत नाही, पण पुढचा अर्धा तास आम्ही, पाहुण्यांसकट, नववा भाग ऐकला. उठून तो बंद करावा असं कुणालाच सुचलं नाही. प्रोफेसर खोकला. अर्धमानव शहराच्या वेशीवर आले. ‘ते आपल्यासारखेच दिसतात,’ प्रोफेसर म्हणाला, ‘ते आपल्या घरात येतील, आपल्या पंगतीला बसतील.’ आई पदर तोंडाला लावून उभी होती. चुलत्यांनी तिसरी पोळी घेतली. आणि सगळ्यात लक्ष देऊन ऐकत होता तो भास्कर. जरा पुढं वाकून, कपाळाला आठी घालून, बिघडलेल्या मोटारीचा आवाज ऐकावा तसा.

संपल्यावर त्यानं मामांना विचारलं, ‘‘ह्यांना पाहिजे काय?’’

‘‘सत्ता,’’ मामा म्हणाले.

‘‘कशाची?’’

‘‘मानवजातीवर.’’

‘‘घेऊन काय करणार?’’

मामांनी रामभाऊंकडं बघितलं, रामभाऊंनी माझ्याकडं. नऊ रविवार तेरा सभासद आणि मी ती मालिका कान देऊन ऐकत होतो, आम्ही निषेधाचा ठराव केला होता, आणि त्यांना काय हवं आहे हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. ‘‘तिसऱ्या भागात सांगितलं असंल,’’ मी म्हणाले. ‘‘त्या दिवशी सेल उतरले होते.’’

मग अक्का पोहे घेऊन आली. हिरवी साडी, मान खाली. भास्करच्या आईनं रीतीप्रमाणं विचारलं, ‘‘नाव काय, बाळ?’’

‘‘सुलभा.’’

‘‘आत्ता वाचलं तेच का?’’

‘‘व्हय,’’ अक्का म्हणाली. एवढंच. ब्लाऊजचं, सहीचं, अकरा वाजले होते त्याचं, काही सांगितलं नाही. भास्करनं डाव्या हातानं पोहे खाल्ले, सगळे खाल्ले. ‘‘कळवतो आमी,’’ त्याची आई उठताना म्हणाली. आमच्याकडं ‘कळवतो’ म्हणजे काय हे पाळण्यातल्या पोरालाही समजतं.

ते गेल्यावर मामांनी हळूच विचारलं, की इतिवृत्त मतास टाकायचं राहिलं, ते आता टाकावं का. आईनं आयुष्यात थोरल्या भावाला उलट शब्द बोललेला मी ऐकला नव्हता. ती खुर्च्या एकात एक अडकवत होती. ‘‘दादा,’’ ती म्हणाली, ‘‘पुढल्या रविवारपासून ह्या तुमच्या घरी न्या.’’ आणि रेडिओ? तो आमचा होता. तो कपाटावर बंद पडून राहिला. त्यामुळं शेवटचा भाग मी ऐकलाच नाही. मी केंद्राला पोस्टकार्ड लिहून विचारलं, की शेवटी कोण जिंकलं. उत्तरादाखल ‘आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत’ असं छापील कार्ड आलं. म्हणजे आजतागायत मला माहीत नाही. गेल्या वर्षी माझे दोन्ही गुडघे बदलले, आत कसलासा धातू आहे. भाचीनं हौसेनं विचारलं, मावशी, आता तू अर्धी यंत्र झालीस, कसं वाटतंय? यावर काही मोठा विचार सुचेल म्हणून मी दोन दिवस वाट पाहिली. गुडघे दुखतात, यापलीकडं काही सुचलं नाही.

त्या संध्याकाळी अक्कानं मला एकच विचारलं. ‘‘नाव कामून वाचलंस गं, नंदे?’’

‘‘लिहिलं होतं,’’ मी म्हणाले.

‘‘लिहिलं होतं,’’ ती म्हणाली, आणि मशीनवर बसली. पुढं चार दिवस तिचं-माझं बोलणं नव्हतं. मशीन मात्र बोलत होतं. सकाळी सहाला सुरू व्हायचं ते दिवेलागणीपर्यंत. तामलवाडीहून काही कळवणं आलं नाही. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन. अण्णा रोज घरी आले की अक्का त्यांच्याकडं न बघता पाण्याचा तांब्या पुढं करायची, आणि अण्णाही तिच्याकडं न बघता तो घ्यायचे. हिरवी साडी पेटीत गेली. मला सारखं वाटत होतं की काहीतरी करायला हवं, पण काय, ते कळत नव्हतं. मी खोटं काही वाचलं नव्हतं. खोटं वाचलं असतं तर निदान माफी मागता आली असती.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी अक्कानं घरातला टेबलफॅन जुन्या चादरीत गुंडाळला आणि मला म्हणाली, ‘‘चल. पंखा दुरुस्तीला टाकायचाय.’’

‘‘चालतोय की तो.’’

‘‘चालतोय. पण आवाज करतोय.’’

कुठं जायचं हे मला येरमाळ्यात गाडी बदलताना कळलं. तिथून तेव्हाचं उस्मानाबाद, मग तुळजापूर, मग तामलवाडी. भर उन्हाळा, पंखा आळीपाळीनं दोघींच्या मांडीवर. ज्यांचे वडील एसटीत आहेत त्यांना गुपचूप कुठं जायचं असेल तर त्यांनी पायी जावं. प्रत्येक कंडक्टर विचारत होता, ‘‘साहेबांच्या पोरी ना तुम्ही? पंखा घेऊन कुठं?’’ आणि अक्का प्रत्येकाला तोंड वर करून सांगत होती, ‘‘दुरुस्तीला.’’ भूमपासून तामलवाडीपर्यंत वाटेवर पंखे दुरुस्त करणारी किती दुकानं लागली, ती मी मोजली नाहीत. कंडक्टरांनी मोजली असणार.

दुकान रस्त्यालाच होतं. भास्कर जमिनीवर बसून विहिरीच्या मोटारीची कॉइल भरत होता. लोखंडी अंकुशात तांब्याची तार ताणून धरलेली, डावा हात फिरवत होता, आणि ओठांत वेढे मोजत होता. आम्हाला बघून त्याचे ओठ थांबले. वेढ्यांचा आकडा चुकला असावा, कारण नंतर त्यानं ती सगळी तार पुन्हा उकलली.

‘‘पंखा आणलाय,’’ अक्का म्हणाली.

त्यानं चादर सोडली, प्लग लावला, बटण दाबलं. पंखा गरागरा फिरायला लागला. कसला आवाज नाही, काही नाही. उलट प्रवासात त्याच्या जाळीवरची धूळ झटकली गेल्यामुळं आमच्या घरी चालायचा त्याहून बरा चालत होता. माझी मान शरमेनं खाली गेली. तो मात्र डोकं वाकवून ऐकत होता, रेडिओ ऐकला होता तसाच.

‘‘आवाज येतोय,’’ तो म्हणाला.

‘‘येतोय ना?’’ अक्का म्हणाली.

मी पुन्हा कान देऊन ऐकलं. काही ऐकू आलं नाही.

‘‘त्या दिवशी सही केली ती मला मशीन लावायचं होतं म्हणून केली,’’ अक्का पंख्याकडं बघत म्हणाली. ‘‘ब्लाऊज द्यायचं होतं. कशाला अनुमोदन देतेय ते मी ऐकलंबी नव्हतं. तुमचं स्थळ त्यानंतर आलं. पण सही माझीच हाय. न्हाय म्हणत न्हाय मी.’’

‘‘मग त्याच दिवशी का न्हाय सांगितलं?’’

‘‘बारा माणसं बसली होती. त्यांच्यापुढं सांगितलं असतं तर तुम्ही भिडेनं व्हय म्हणाला असता.’’

त्यानं पंखा बंद केला. ‘‘आई म्हणती, पोरगी कागदावर सही करून बसलीय, त्या घरात लई सभा होत्यात. आन् मला वाटलं, तुम्हाला न्हाय म्हणायचं असंल. आमी कळवलं न्हाय तर तुमचं सोपं होईल.’’

‘‘मला न्हाय म्हणायचं असतं तर पोस्टकार्डात भागलं असतं,’’ अक्का म्हणाली. ‘‘चार गाड्या बदलून पंखा कोण आणतं?’’

त्यानं प्लग काढून पंख्याची वायर गुंडाळली. रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला. मी दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होते आणि मला एवढंच समजत होतं की हे दोघं पंख्याबद्दल बोलत नाहीत. पण मग पंख्याचं काय, हे समजत नव्हतं.

‘‘आठ दिवसांनी घेऊन जा,’’ शेवटी तो म्हणाला. गिऱ्हाइकांना सांगायचा तेच.

‘‘मी न्यायला येणार न्हाय,’’ अक्का म्हणाली. ‘‘तुम्ही आणून द्या.’’

परतीच्या गाडीत मी तिला दोनदा विचारलं, ‘‘अक्का, ते हो म्हणाले का नाही?’’ ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाली, ‘‘पंखा टाकलाय दुरुस्तीला. एवढंच झालं.’’ मला वाटलं, झालं, स्थळही गेलं आणि पंखाही गेला. भर उन्हाळ्यात. घरी पोचलो तेव्हा अण्णा ओसरीवर बसले होते. त्यांना सगळं आधीच पोचलेलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. ते नुसते पुठ्ठ्यानं वारा घेत बसले, आणि पुढचे दिवसही तसंच. आई पंख्याच्या रिकाम्या जागेवर फडकं मारायची आणि माझ्याकडं बघायची.

आठ दिवस व्हायच्या आत, पाचव्याच दिवशी दुपारी, भास्कर दारात उभा राहिला. चादर धुऊन घडी केलेली, पंखा लोखंडी हातात अडकवलेला, सोबत त्याची आई. तिनं ओसरीवर पाऊल टाकण्याआधी भिंतीकडं एकदा नीट बघून घेतलं, रांगेत कुणी बसलंय का ते. कुणी नव्हतं. अक्काचं मशीन आत थांबलं. आईनं घाईघाईनं चटई टाकली, पाणी दिलं, पंखा जागेवर ठेवून लावून बघितला. तो आधीसारखाच चालला. ‘‘चांगला झाला की,’’ आई म्हणाली. ‘‘काय बिघडलं होतं ओ ह्याचं?’’

दाजींनी, कारण पुढं आयुष्यभर मी त्यांना तेच म्हणत आले, आतल्या दाराकडं बघितलं. ‘‘अजून नीट कळलं न्हाय,’’ ते म्हणाले. ‘‘पुन्हा यावं लागंल.’’